न्यू जर्सीतलं नवीन घर आणि मेगन्स लॉची यादी: कशी शोधायची, कशी वाचायची

गेल्या उन्हाळ्यात नाशिकहून नुकतंच आलेलं एक जोडपं आमच्याकडे जेवायला आलं होतं. दोन मुली, एक सहा वर्षांची, दुसरी तीन. हॉटेलच्या खोलीत राहून एडिसनमध्ये भाड्याचं घर शोधत होते. जेवणं झाली, मुली खेळायला लागल्या, तेव्हा त्याने हळूच फोन माझ्यापुढे सरकवला. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, ‘घर ठरवायच्या आधी मेगन्स लॉ बघून घे.’ आदल्या रात्री त्याने ते बघितलं होतं आणि पहाटे दोनपर्यंत दोघंही जागे होते. स्क्रीनवर गावाच्या नावाखाली, लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या माणसांच्या फोटोंची रांग. तिने विचारलं, ‘ताई, हे सगळे उघड फिरतात? मग इथे मुलींना घेऊन राहायचं कसं?’

चौदा वर्षांपूर्वी मीही अशीच फोटो बघत बसले होते आणि मला समजावून सांगणारं कुणी नव्हतं. त्या रात्री त्यांना जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढते आहे. मी वकील नाही. ओळखीतल्या कुणावर प्रत्यक्ष केस असेल तर वकीलच गाठावा. पण भाड्याचं घर शोधणाऱ्या, मुलांना डेकेअरला घालणाऱ्या आईबापांना जेवढं माहीत असायला हवं तेवढं इथे मिळेल.

आधी नावाची गोष्ट

मेगन कांका ही सात वर्षांची मुलगी मर्सर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हॅमिल्टन टाउनशिप या गावात राहत होती. २९ जुलै १९९४ रोजी समोरच्या घरातल्या माणसाने तिला कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून आत बोलावलं, तिच्यावर अत्याचार केला आणि तिला मारून टाकलं. लहान मुलांवरच्या अशाच गुन्ह्यांसाठी त्याला आधी दोनदा शिक्षा झालेली होती. गल्लीत हे कुणालाच माहीत नव्हतं, मेगनच्या आईवडिलांनाही नाही. त्यांनी लोकांना सोबत घेऊन सरकारकडे धरणं धरलं, आणि तीनच महिन्यांत, ३१ ऑक्टोबर १९९४ ला, गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी अशा गुन्हेगारांची नोंद ठेवून परिसराला कळवण्याच्या न्यू जर्सीच्या कायद्यावर सही केली. १९९६ मध्ये देशपातळीवरचा कायदाही त्याच नावाने आला. आज सगळ्या अमेरिकेत ‘मेगन्स लॉ’ म्हणतात तो हा, आणि त्याचं मूळ गाव आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत आहे.

आपल्याकडून आलेल्या माणसाला हे सगळं नवखं वाटतं, कारण भारतात अशी उघडी यादी नाही. २० सप्टेंबर २०१८ ला भारत सरकारनेही लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजारांच्या आसपास नोंदी होत्या. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असते आणि फक्त पोलीस व तपास यंत्रणांनाच बघता येते. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्याला ती उघडायची सोय नाही. त्यामुळे आपल्याला सवय असते ती भाडेकरूच्या पोलीस व्हेरिफिकेशनची. इथे उलट आहे, यादी पोलीस ठेवतात आणि तिचा एक भाग लोकांसाठी उघडा असतो. ‘एक भाग’ हे शब्द लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथेच होतो.

नोंद कशी होते

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस ज्या गावात राहतो तिथल्या पोलिसांकडे त्याला नोंदणी करावी लागते. नाव, पत्ता, नोकरी, शाळा-कॉलेज, गाडी, सगळं द्यावं लागतं. घर बदलायचं असेल तर किमान १० दिवस आधी कळवावं लागतं. दुसऱ्या राज्यातून न्यू जर्सीत राहायला आला तर १० दिवसांत नोंद करावी लागते. पत्ता बदललेला नसला तरी तो बरोबर आहे हे वर्षातून एकदा पोलिसांकडे जाऊन सांगावं लागतं. ज्यांचं वागणं कोर्टाने ‘वारंवार आणि अनावर’ ठरवलेलं असतं त्यांना ते दर ९० दिवसांनी करावं लागतं. हे चुकवलं तर तो स्वतंत्र गुन्हा होतो, थर्ड डिग्रीचा (इथे ही गुन्ह्याच्या गंभीरपणाची एक पायरी आहे), आणि त्याला ३ ते ५ वर्षांची कैद होऊ शकते.

शेवटच्या शिक्षेनंतर किंवा सुटकेनंतर १५ वर्षं कुठलाही गुन्हा न करता काढली आणि आता कुणाला धोका नाही हे कोर्टाला पटवून दिलं, तर नाव काढून घेण्याचा अर्ज करता येतो. काही गंभीर गुन्ह्यांत आणि एकाहून जास्त गुन्हे असतील तर ही वाट बंद असते. अल्पवयात गुन्हा केलेल्यांवर आयुष्यभराची सक्ती लादणं घटनेत बसत नाही, असं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं.

टियर समजून घ्या, बाकी सगळं त्यावर आहे

नोंद झालेल्या प्रत्येकाला टियर, म्हणजे धोक्याची पातळी, १, २ किंवा ३ मिळतो. गुन्हा किती भयंकर होता एवढ्यावरच तो ठरतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. तो पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, हे त्यातून मोजायचं असतं. काउंटी प्रॉसिक्युटर, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा सरकारी वकील, १३ मुद्द्यांच्या तक्त्यावर गुण देतो: बळजबरी किती होती, बळी पडलेल्याचं वय काय होतं, ती व्यक्ती ओळखीची होती की परकी, किती जणांना त्रास दिला, किती काळ, त्यानंतर किती वर्षं गेली, उपचारांना दाद दिली का, दारू-ड्रग्ज आहे का, राहायला धड जागा आणि नोकरी आहे का. गुण कमी आले तर टियर १, मधले आले तर २, जास्त आले तर ३. त्या माणसाला हे मान्य नसेल तर तो न्यायाधीशापुढे दाद मागू शकतो. १९९५ च्या ‘डो विरुद्ध पोरिट्झ’ खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण टियर ठरवताना ही सुनावणी असलीच पाहिजे असंही सांगितलं.

आता कुणाला काय कळतं ते बघा. टियर १ ची माहिती पोलीस यंत्रणेपुरती राहते. टियर २ असेल तर परिसरातल्या शाळा, परवानाधारक डेकेअर, समर कॅम्प आणि नोंद केलेल्या सामाजिक संस्थांना कळवतात. टियर ३ असेल तर त्याशिवाय आजूबाजूच्या घरांना, म्हणजे ज्यांची त्याच्याशी गाठ पडण्याची शक्यता आहे त्यांना, पोलीस दारोदार जाऊन सांगतात.

इंटरनेटवरची यादी नंतर आली. नोव्हेंबर २००० मध्ये लोकांनी मतदान करून न्यू जर्सीच्या राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि जुलै २००१ मध्ये त्याचा कायदा झाला. या यादीत टियर ३ चे लोक आणि टियर २ मधले बरेचसे येतात. टियर १ साधारणपणे दिसत नाही. टियर २ मधलेही काही मुद्दाम वगळले जातात. गुन्हा घरातल्या घरात, नात्यातल्या मुलावर झाला असेल तर त्या माणसाचं नाव सहसा झळकत नाही, कारण त्याचं नाव आलं की बळी पडलेल्या मुलाची ओळख आपोआप उघडी पडते. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या प्रकारचे गुन्हे सगळ्यात जास्त घडतात, त्यातलेच बरेच या यादीत दिसणार नाहीत. शिवाय सुनावणी चालू आहे, टियर ठरायचा आहे, असे लोकही दिसत नाहीत. आणि जे कधी पकडलेच गेले नाहीत त्यांची तर कुठेच नोंद नाही.

म्हणून एखाद्या गावात शून्य नोंदी दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नका, आणि बारा दिसल्या म्हणून ते गाव सोडू नका.

आता प्रत्यक्ष शोध

गूगलवर शोधलंत की वरच्या दोन-चार ओळी बहुतेक खासगी कंपन्यांच्या असतात. ‘तुमच्या शेजाऱ्यांचा पूर्ण रिपोर्ट, फक्त इतके डॉलर.’ तिथे क्लिक करू नका. सरकारी यादी फुकट आहे. नाव, ईमेल, क्रेडिट कार्ड, काहीही द्यावं लागत नाही. पैसे मागितले की आपण चुकीच्या दारात उभे आहोत असं समजायचं. न्यू जर्सीची यादी स्टेट पोलिसांच्या संकेतस्थळावर, म्हणजे एनजेएसपी डॉट ओआरजी या पत्त्यावर ‘सेक्स ऑफेंडर इंटरनेट रजिस्ट्री’ या नावाखाली आहे.

आत शिरण्याआधी अटींचं एक पान येतं. सगळे जण खाली सरकवून ‘मान्य’ दाबतात. माझी विनंती आहे, ते एकदा तरी वाचा. ही माहिती वापरून कुणाला त्रास देणं हा गुन्हा आहे, हे त्यातच लिहिलेलं असतं.

पुढे काउंटी, गाव, झिप कोड (इथला पिन कोड), नाव अशा वेगवेगळ्या पद्धतींनी शोधता येतं. मी सांगेन, गावाच्या नावाने सुरुवात करा आणि मग लागून असलेली गावंही बघा. आमच्याकडे ओक ट्री रोडवर चालत गेलं की एडिसन कधी संपलं आणि वुडब्रिज टाउनशिपचं आयझलिन कधी सुरू झालं हे कळतसुद्धा नाही. पोस्टाचा पत्ता एका गावाचा आणि शाळा-पोलीस दुसऱ्या टाउनशिपचे, असंही खूप ठिकाणी आहे. नुसत्या एका नावावर थांबलात तर अर्धीच गल्ली दिसेल.

हडसन नदीच्या काठी जर्सी सिटीत राहत असाल आणि रोजचं जाणं-येणं न्यूयॉर्कला असेल, किंवा पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीजवळ असाल, तर केंद्र सरकारचं संकेतस्थळ वापरा: एनएसओपीडब्ल्यू डॉट जीओव्ही. त्याची स्वतःची वेगळी यादी नाही. तुम्ही नाव किंवा पत्ता टाकलात की ते ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी, ५ टेरिटरी आणि सामील झालेल्या मूलनिवासी जमाती यांच्या याद्यांत एकाच वेळी शोधतं. एखाद्या पत्त्याभोवती ठराविक मैलांच्या वर्तुळात काय आहे तेही दाखवतं. बेबीसिटर किंवा नवा ट्यूशनचा शिक्षक ठेवताना नावाने शोधायला हेच बरं, कारण तो माणूस मागच्या वर्षी टेक्सासमध्ये राहत असू शकतो.

एक नोंद उघडली की काय दिसतं? फोटो, पूर्ण नाव आणि वापरलेली इतर नावं, जन्मतारीख, उंची-वजन, केसांचा-डोळ्यांचा रंग, व्रण किंवा टॅटू, शेवटचा नोंदलेला पत्ता, गाडीचा मेक, रंग आणि नंबर प्लेट, कुठल्या गुन्ह्यात आणि कधी दोषी ठरला ते, धोका मध्यम की जास्त, आणि गुन्हा करण्याची पद्धत थोडक्यात. हे शेवटचे दोन-तीन मुद्दे सगळ्यात आधी वाचा. फोटो बघून पोटात गोळा येतो आणि माणूस पुढचं वाचतच नाही. पण एकाचा गुन्हा तीस वर्षांपूर्वीचा, प्रौढ व्यक्तीविरुद्धचा असतो, आणि दुसऱ्याने दोन-तीन वर्षांपूर्वीच बागेत खेळणाऱ्या लहान मुलांना हेरून गुन्हा केलेला असतो. तुमच्या घरात सहा वर्षांची मुलगी असेल तर या दोन नोंदींचं वजन सारखं नाही.

गुन्ह्याची नावं कायद्याच्या भाषेत असतात. ‘सेक्शुअल असॉल्ट’ म्हणजे लैंगिक अत्याचार, त्याच्या आधी ‘अ‍ॅग्रव्हेटेड’ असेल तर जास्त गंभीर, ‘क्रिमिनल सेक्शुअल कॉन्टॅक्ट’ म्हणजे गुन्हा ठरणारा लैंगिक स्पर्श, ‘लुअरिंग’ म्हणजे फूस लावणं, ‘एन्डेंजरिंग द वेल्फेअर ऑफ अ चाइल्ड’ म्हणजे मुलाच्या हिताला धोका पोचवणं. ही शेवटची संज्ञा फार रुंद आहे. मुलांची अश्लील चित्रं बाळगण्यापासून प्रत्यक्ष अत्याचारापर्यंत बरंच काही तिच्याखाली येतं. म्हणून नुसत्या शीर्षकावरून गोष्ट रचू नका.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही

हे मी कळवळून सांगते, कारण आमच्या ओळखीत एकाच्या बाबतीत हे घडलं. मुलांच्या खेळाच्या एका गटातल्या आईने प्रशिक्षकाचं नाव शोधलं, त्याच नावाची नोंद सापडली, आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर गेला. रात्रीत सतरा घरांत चर्चा. सकाळी कुणीतरी शांतपणे दोन्ही बाजूंची माहिती ताडून पाहिली. जन्मसाल अकरा वर्षांनी वेगळं, मधलं नाव वेगळं, उंचीत अर्ध्या फुटाचा फरक. तो माणूस दुसराच होता. प्रशिक्षकाच्या बायकोपर्यंत तोवर तो स्क्रीनशॉट पोचला होता. पुढच्या हंगामात ते कुटुंब परत आलं नाही. त्या ग्रुपवर मीही होते. मी काही लिहिलं नाही, पण ‘थांबा’ असंही म्हटलं नाही, हे मला अजून बोचतं.

तेव्हा फोटो, जन्मतारीख, मधलं नाव, पत्ता यातलं किमान दोन-तीन जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. शंका उरलीच तर गावच्या पोलिसांच्या साध्या नंबरवर, ९११ वर नव्हे, फोन करून विचारा. यादीतला माणूस नोंदलेल्या पत्त्यावर राहत नाही असं दिसलं तरी तेच करा.

काय करायचं नाही

यादीतल्या माणसाला धमकावणं, त्याच्या दारावर काही लिहिणं, त्याच्या मुलांना शाळेत टोमणे मारायला आपल्या मुलांना शिकवणं, यातलं काहीही नाही. यादीतली माहिती वापरून गुन्हा केला तर तो वेगळा थर्ड डिग्रीचा गुन्हा आहे. विमा, कर्ज, शिक्षण, घर नाकारण्यासाठी ही माहिती वापरायलाही कायद्याने मनाई आहे. तुम्ही स्वतः घर भाड्याने देणार असाल तर हे खास लक्षात ठेवा, आणि निर्णयाआधी वकिलाला विचारा.

‘शाळेजवळ अशा माणसाला राहायलाच देत नाहीत ना?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. न्यू जर्सीत पूर्वी अनेक टाउनशिपनी तसे ठराव केले होते. गॅलोवे टाउनशिपच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते रद्दबातल ठरवले. राज्याचा मेगन्स लॉ असताना गावांनी आपापले वेगळे नियम करायचे नाहीत. एखाद्याच्या पॅरोलच्या अटींत बंधनं असू शकतात, पण सरसकट मनाई नाही. मला विचाराल तर हा निकाल बरोबरच आहे. सगळीकडून हाकललेला माणूस गायब होतो, आणि गायब झालेल्याचा पत्ता कुठल्याच यादीत राहत नाही.

घर विकत घेणाऱ्यांसाठी

करारात मेगन्स लॉबद्दल एक परिच्छेद असतोच, पण पन्नास सह्यांच्या गर्दीत तो निसटतो. त्यात म्हटलेलं असतं की परिसरात कुणाला काय कळवायचं ते काउंटी प्रॉसिक्युटर ठरवतो, रिअल्टरला, म्हणजे घराच्या एजंटला, ती माहिती मिळण्याचा हक्क नाही आणि तो ती तुम्हाला आणून देऊ शकत नाही. घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा, झाल्यावर तुम्ही प्रॉसिक्युटरच्या कार्यालयाशी संपर्क करू शकता. तेव्हा ‘आमचा एजंट मराठी आहे, तो सांगेल’ यावर विसंबू नका. इंटरनेटची यादी ऑफर देण्याआधी स्वतः बघा, आणि राहायला गेल्यावर प्रॉसिक्युटरच्या कार्यालयात फोन करून, आपल्याला सांगता येण्यासारखं काही असेल तर विचारा.

मराठी शाळा, मंडळं, बालवर्ग चालवणाऱ्यांसाठी

रविवारची मराठी शाळा, गणपतीतली नाटकाची तालीम, ढोल-ताशाचा सराव. शंभर मुलं, वीस स्वयंसेवक, आणि सगळे ‘आपलेच’. इथेच आपण सगळ्यात ढिले असतो.

पहिलं काम, संस्थेची नोंद करा. ज्या संस्थेच्या देखरेखीखाली मुलं असतात तिला स्थानिक पोलिसांकडे किंवा काउंटी प्रॉसिक्युटरकडे नोंद करून टियर २ आणि ३ च्या सूचना मिळवता येतात. म्हणजे जे इंटरनेटवर दिसत नाही त्यातलंही काही तुम्हाला रीतसर कळतं. याला पैसे लागत नाहीत, लागतो तो फक्त एका माणसाचा वेळ. तरी फार थोड्या मंडळांनी हे केलेलं मी पाहिलं आहे. मिळालेली सूचना गोपनीय असते, ती कुणापुढे उघड करायची याचे नियम सोबत सांगतात, ते पाळा.

दुसरं, स्वयंसेवकांचे बोटांचे ठसे घेऊन गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासण्याची सोय मुलांसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थांना राज्यात उपलब्ध आहे. ‘इतकी वर्षं येतात ते, त्यांना कसं विचारायचं?’ असं वाटतं. सगळ्यांना एकदम विचारा, अध्यक्षांपासून. मग कुणाला अपमान वाटत नाही. मेगन्स लॉखाली नोंद असलेल्या माणसाला मुलांसाठीच्या संस्थेत पद किंवा काम घेणं न्यू जर्सीत बेकायदा आहे.

आणि तिसरं, कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटा नसावा. दाराला काच, नाहीतर दार उघडं.

यादीत नसलेला माणूस

मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा परका नसतो. नातेवाईक, कुटुंबाचा मित्र, शिकवायला येणारा, शेजारचा मोठा मुलगा. भारतातही हेच, इथेही हेच. ज्या चेहऱ्यांनी त्या जोडप्याची झोप उडवली त्यांच्यापेक्षा ज्याला आपण हसत घरात घेतो त्याच्याबद्दल मुलाशी बोलायला हवं, आणि ते बोलणं आपल्या घरांत फार अवघड जातं.

‘काकांना पापी दे.’ ‘अशी काय करतेस, मामा आहे तो.’ हे मी ऐकत वाढले आणि माझ्या तोंडूनही निघालं. मुलगी मागे सरते आहे, आईच्या ओढणीत तोंड लपवते आहे, आणि आपण तिला पुढे ढकलतो. त्यातून ती एवढंच शिकते की मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून आपल्याला नको असलेला स्पर्श सोसायचा. आमच्या घरी आता नमस्कार किंवा टाळी चालते, पापी मुलाने स्वतःहून दिली तरच. पहिल्या वर्षी एक-दोन नातेवाईक रुसले. मग सवय झाली.

शरीराच्या अवयवांची खरी नावं मुलांना मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत शिकवा. घरातला लाडाचा शब्द शाळेतल्या नर्सला कळत नाही. मूल सांगत राहतं आणि तिला वाटतं ते खेळण्याबद्दल बोलतंय.

मुलाने काही सांगितलंच तर शांतपणे ऐका, उलटतपासणी घेऊ नका, त्या माणसाला फोन लावू नका. न्यू जर्सीत बालअत्याचाराचा वाजवी संशय आला तर तो कळवणं प्रत्येक माणसावर बंधनकारक आहे, फक्त शिक्षक-डॉक्टरांवर नाही. म्हणजे तुमच्यावर, माझ्यावर, भेटीला आलेल्या आजीवरसुद्धा. राज्याची हेल्पलाइन चोवीस तास चालते: १-८७७-६५२-२८७३. नाव सांगितलं नाही तरी तक्रार घेतात. जीवाला तातडीचा धोका असेल तर ९११. व्हिसाचं काय होईल या भीतीने गप्प बसलेली घरं मी पाहिली आहेत. फोन करणाऱ्याला तिथे व्हिसा विचारत नाहीत, मूल सुरक्षित आहे का ते विचारतात.

न्यू जर्सीबाहेर असाल तर

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. न्यूयॉर्कमध्ये लेव्हल १, २, ३ आहेत. लेव्हल १ संकेतस्थळावर नसतं, पण १-८००-२६२-३२५७ वर फोन करून एखाद्या व्यक्तीच्या नावाने विचारता येतं. कॅलिफोर्नियात नोंदणी १९४७ पासून आहे. तिथे जवळजवळ सगळ्यांना जन्मभराची नोंद होती, ती बदलून १ जानेवारी २०२१ पासून १० वर्षं, २० वर्षं आणि जन्मभर अशा तीन पायऱ्या आल्या. इंग्लंडमध्ये उघडी यादीच नाही. मुलाच्या संपर्कात येणाऱ्या ठराविक माणसाबद्दल तुम्ही पोलिसांकडे अर्ज करायचा, ते तपासून गरज असेल तर तुम्हाला सांगतात. त्याला लोक ‘साराज लॉ’ म्हणतात. कॅनडाची राष्ट्रीय यादीही पोलिसांपुरतीच आहे.

दारावर पोलीस आला तर

याची कल्पना नसली की घाबरायला होतं, म्हणून सांगते. एका शनिवारी दुपारी मी वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या करत होते. बेल वाजली. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी दार उघडलं आणि समोर गणवेशातला पोलीस बघून त्या पांढऱ्या पडल्या. ‘अगं लवकर ये, आपलं काय चुकलं?’ मी धावत खाली आले. तो पायरीवरच उभा होता. घरातली प्रौढ व्यक्ती मी आहे ना हे विचारून त्याने एक कागद दिला, फोटो असलेला, आणि मिळाल्याची सही घेतली. दोन गल्ल्या पलीकडे राहायला आलेल्या माणसाची टियर ३ ची सूचना होती ती. नाव, पत्ता, कामाचं ठिकाण, गाडीचा रंग आणि नंबर. त्याने नीट समजावलं: हा कागद तुमच्या घरातल्या माणसांसाठी आणि तुमच्या देखरेखीखालच्या मुलांसाठी आहे. फोटो काढून पुढे पाठवायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही, त्या माणसाकडे जायचं नाही. काही संशयास्पद दिसलं तर आम्हाला कळवा.

सासूबाईंना मी मराठीत सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, ‘मग समोरच्या सुनंदाला सांगून येते, तिची नात सायकल घेऊन तिकडेच जाते.’ मी त्यांना थांबवलं. ज्यांना सांगायचं त्यांची यादी पोलिसांकडे असते, तो तिच्या दारीही जाईलच. खिडकीतून बघितलं तर तो खरंच रस्ता ओलांडत होता.

कागद मी पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवला. संध्याकाळी मुलीला जवळ बसवलं. फोटो दाखवला, गाडीचा रंग सांगितला. ती गल्ली सोडून पार्कला जायचा दुसरा रस्ता दोघी चालत जाऊन बघून आलो. परत येताना तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं: कुणीही, ओळखीचं असो की नसो, घरात बोलावलं, खाऊ देतो म्हटलं, कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हटलं, तरी आधी पळत येऊन आईला विचारायचं.